तिसऱ्या कपानंतर

ओस्टरवार्फ, ३ नोव्हेंबर १९२९

प्रिय हेनी,

बंब मंडळात मला घेतलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस आणि मग चिडतेस.

बुधवारी बंबखान्यात मतदान झालं. पद्धत बाबांच्या वेळचीच. प्रत्येक सभासदाला घेवड्याची एक पांढरी आणि एक काळी बी देतात, जुना कातडी टोप फिरवतात, त्यात मूठ घालून एक बी सोडायची. तीन काळ्या निघाल्या की माणूस नापसंत. हजर एकतीस होते. पांढऱ्या एकोणतीस, काळ्या दोन. मी बाहेर पंपाच्या गाडीशी उभा होतो. बिया टेबलावर ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. मग कप्तान हार्म्स स्वतः बाहेर आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "गान्स, आजपासून तू आमचा." बाबांचा क्रमांक अडुसष्ट होता, माझा दोनशे तीन. मी घरी आलो. बाबांनी पेटीतला आपला बंबवाल्याचा पितळी बकलाचा पट्टा काढून माझ्या खुर्चीवर ठेवला.

दुसरी बातमी: मला मंडळाचा लेखनिक केलं आहे. तेराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला! सभेचे वृत्तांत मी लिहिणार. शब्दकोश मी आताच हाताशी ठेवला आहे.

त्या दोन काळ्या बिया कोणाच्या, याचा मी चार दिवस विचार करतो आहे. एक तरी मला कळली असं वाटतं. आज अभिनंदनाला दोघं आले. हार्म्स आले, आईनं चहा ओतला, साखरेचा खडा तडकला, साय टाकली. ते निवांत बसले, तीन कप प्याले, लाकडाच्या वखारीच्या गोष्टी सांगितल्या, मग उठले. टामेन लोहार आला, त्यानं एक कप घेतला आणि चमचा कपात उभा केला. पुरे! साखर अजून विरघळलीसुद्धा नव्हती. आई किटली हातात धरून तशीच उभी राहिली. तीन कप हा पाहुण्याचा मान आणि यजमानाचाही. आपल्या घरी एका कपावर चमचा ठेवणाऱ्यानं टोपात कोणती बी टाकली असेल, हे सांगायला नको.

तुझा,
झेलमार


ग्रोनिंगन, ११ नोव्हेंबर १९२९

प्रिय झेलमार,

अभिनंदन, बंबवाले! आता कुठे आग लागली की आधी तिचं शुद्धलेखन तपासशील आणि मग पाणी मारशील.

पट्ट्याचं वाचून मला रडू आलं. बाबांनी तो पट्टा मला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. पण त्या दोन बिया डोक्यातून काढ. एकोणतीस पांढऱ्या निघाल्या तर तू दोन काळ्या चघळत बसला आहेस. लहानपणी पावात एक खडा लागला की सगळा पाव बोटांनी कुसकरून बघायचास, तसाच अजून आहेस.

आणि चहाचं मला काय सांगतोस? इथे बायका एक कप देतात, एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण खटकन लावतात. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या कपाची वाट बघत सासूबाईंकडे तासभर बसले होते. त्यांना वाटलं, मला बरं नाहीये.

आता कामाचं. ब्रामच्या वखारीत, म्हणजे वाटाणे आणि ओट बोटीनं पाठवायचा जो धंदा आहे त्यात, जर्मन पत्रं लिहायला माणूस हवाय. ब्राम स्वतः लिहितो ती वाचून हाम्बुर्गचे व्यापारी पोट धरून हसत असतील. तो म्हणतो, "तुझा भाऊ येईल का? जागा त्याचीच आहे." राहायला आमची माडीवरची खोली. ये ना. इथे तुला कोणी टोपात घालून मोजणार नाही.

हेनी


ओस्टरवार्फ, २३ ऑक्टोबर १९३२

प्रिय हेनी,

ब्रामला माझे आभार सांग. तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी तिसऱ्यांदा टाळतो आहे, हे मला कळतं. पण या वेळी खरं कारण आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये बंब मंडळाला पन्नास वर्षं होतील. १८८३ पासूनच्या सगळ्या सभासदांचा एक मोठा तक्ता बंबखान्यात लागणार आहे. ओकच्या चौकटीत, काचेखाली. तो लिहायचं काम हार्म्सनी सभेत माझ्याकडे दिलं. म्हणाले, "या गावात दोनशे चौदा नावं एकही चूक न करता लिहील असा एकच माणूस आहे." सगळ्यांनी शाबासकी म्हणून टेबलावर मुठी आपटल्या. टामेननं आपटली नाही. तो पाईप साफ करत होता.

गुरांचा बाजार या वेळी बेताचाच झाला. बाबांनी दोन गाई विकल्या. शेतकरी एलर्टशी तिसऱ्या गाईचा सौदा जवळजवळ ठरला होता. तुला आठवतं ना, बाबा आणि एलर्ट कसे भांडायचे? एक आकडा, एक टाळी, दुसरा आकडा, दुसरी टाळी, शिव्या, पुन्हा टाळी, आणि शेवटच्या टाळीनंतर कागद नाही की साक्षीदार नाही. या वेळी शेवटचा आकडा ठरला, बाबांनी हात पुढे केला, आणि एलर्टनं आपला हात वर नेऊन तसाच खाली घेतला. म्हणाला, "बघतो, मायर. उद्या बघतो." त्याचा खांदा दुखत असावा. थंडी फार होती. बाबांचा हात मात्र थोडा वेळ तिथेच राहिला.

तक्त्यासाठी जाड कागद मागवला आहे. आधी पेन्सिलीनं रेघा मारणार.

झेलमार


ग्रोनिंगन, ६ नोव्हेंबर १९३२

झेलमार,

खांदा दुखत असावा! तीस वर्षं जो माणूस बाबांच्या हातावर अशा टाळ्या मारायचा की बाबा घरी येऊन तळहाताला लोणी चोळायचे, त्याचा खांदा नेमका बाबांपुढेच दुखला. मग आजूबाजूला कोण उभं होतं, ते का नाही लिहिलंस? तू तर कोणाच्या बुटाला कुठला चिखल लागला होता तेसुद्धा लिहितोस. तू एखादी गोष्ट लिहायची सोडलीस की मला तीच आधी दिसते.

मी जर्मन सीमेच्या या बाजूला फक्त दोन तासांवर आहे, आंधळी नाही. तिकडची वर्तमानपत्रं इथे येतात.

ब्रामचा आताचा कारकून वसंतात लग्न करून रॉटरडॅमला जातोय. ब्रामला एक मार्चपर्यंत उत्तर हवं. हा तुझ्या मेव्हण्याचा निरोप नाही, धंदेवाल्याचा आहे, असं त्यानं मुद्दाम सांगितलंय. बाबा आणि आई तुझ्यामागून येतील. तू आलास तरच येतील. माझ्यामागून ते येणार नाहीत, मी विचारून पाहिलं.

हेनी


ओस्टरवार्फ, १९ फेब्रुवारी १९३३

प्रिय हेनी,

ऑगस्टपर्यंत थांबायला सांग. एवढंच मागतो.

तक्ता १९११ पर्यंत आला आहे. बाबांचं नाव लिहिताना मी पेन दोनदा बदललं. अडुसष्टावा: मायर गान्स, गुरांचा व्यापारी, प्रवेश १८९८. ते नाव इतर नावांपेक्षा जरासुद्धा ठळक होऊ नये आणि फिकटही होऊ नये, असं मला हवं होतं. तसं झालं. बाबा येऊन बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "शाई वाळू दे."

तुला वाटतं तितकं इथे वाईट नाही. सरकार बदललं आहे, त्यांच्या पक्षाची तपकिरी सदरे घातलेली पोरं रस्त्यावर गातात, आरडाओरडा करतात. पण बंब मंडळात सगळं पूर्वीसारखंच आहे. हार्म्स म्हणतात, आगीला पक्ष नसतो. आणि असलं काम अर्धवट टाकून मी गेलो तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, शेवटी ज्यू तो ज्यूच निघाला.

बाजारात बाबांच्या बाजूला त्या दिवशी कोण उभं होतं, हे तू विचारलं होतंस. दोन तपकिरी सदरे उभे होते. ते काही बोलले नव्हते.

झेलमार


ग्रोनिंगन, १२ मार्च १९३३

झेलमार,

ब्राम एक जूनपर्यंत थांबेल. त्यानं तात्पुरता एक म्हातारा बसवलाय, तो प्रत्येक पत्रात "आपला आज्ञाधारक सेवक" तीनदा लिहितो. ब्राम म्हणाला, "ऑगस्ट जमणार नाही, हेनी. बोटी तुझ्या भावाच्या तक्त्यासाठी थांबत नाहीत." त्याचा स्वर चांगला होता, पण शब्द हेच होते.

एक जून. कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघ मार, हवं तर.

हेनी


ओस्टरवार्फ, २३ एप्रिल १९३३

प्रिय हेनी,

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर काही राहून जाईल.

एक तारखेला, शनिवारी, आपल्या फाटकाशी दोघं जण 'ज्यूंकडून घेऊ नका' अशी पाटी घेऊन दिवसभर उभे होते. कोणी गुरं घ्यायला आलं नाही. शनिवारी तसंही कोणी येत नाही, बाबा सब्बाथला बाजार करत नाहीत. बाबा खिडकीतून म्हणाले, "यांना कोणीतरी आपलं पंचांग द्या." आई हसली. मी नाही हसलो.

त्यानंतर बुधवारी टामेन आला. पुढच्या दारानं, कामाचा चामडी एप्रन तसाच. आईनं चहा ओतला. त्यानं एक कप एका दमात संपवला आणि चमचा कपात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरा, तो तुझा तक्ता गुंडाळ आणि बहिणीकडे निघून जा. इथे तुझं काही उरलेलं नाही." मी विचारलं, "हे मंडळाचं म्हणणं आहे?" तो म्हणाला, "मंडळ गेलं खड्ड्यात." आणि निघून गेला. बूटसुद्धा पुसले नव्हते. साडेतीन वर्षांनी का होईना, मला त्या काळ्या बीची खात्री झाली. आतून दुखलं, पण बरंही वाटलं. निदान कोण, हे कळलं.

काल हार्म्स आले. तीन कप. पहिल्या कपाला त्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुसऱ्याला तक्ता बघायला मागितला, चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाले, "झेलमार, असं अक्षर आमच्या जिल्हा कचेरीतही नाही." तिसरा कप संपल्यावर म्हणाले, वरून पत्र आलं आहे. मंडळाच्या यादीत ज्यू नावं राहू शकत नाहीत, जुनीही नाहीत. तात्पुरतं आहे. हे वादळ वर्षभरात निवेल. पण समारंभाला जिल्हाधिकारी येणार, तेव्हा तक्ता पुन्हा लिहावा लागेल. अकरा नावं वगळून. "दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो घाण करून ठेवेल. तुझ्या हातचाच पाहिजे." बाबांचा गुरांच्या बाजाराचा परवाना जुलैत नवा करायचा आहे. त्याबद्दल ते जिल्हा कचेरीत स्वतः बोलणार आहेत. तसा शब्द दिला.

अकरांत बाबा आहेत, मी आहे. मी हो म्हणालो आहे. त्यांना इतकं अवघड वाटत होतं, हेनी. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

एक जूनला मी कसा येऊ? नवा कागद आजच मागवला.

झेलमार


ग्रोनिंगन, २८ एप्रिल १९३३

झेलमार,

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. किंवा दाखव. आता मला फरक पडत नाही.

तेराव्या वर्षी तुझी शाळा का सुटली, माहीत आहे तुला? तुला सांगितलं की बाबांना कंबरदुखी झाली, घरात हात कमी पडले. खोटं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि चहा मीच ओतत होते. जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत तुझी परीक्षा झाली होती, तू दुसरा आला होतास. हार्म्स शाळेच्या समितीवर होते. ते आले, तीन कप प्याले, आईच्या केकची तारीफ केली आणि तिसऱ्या कपानंतर म्हणाले की या वर्षी जागा भरल्या, आणि मायर, तुझ्या पोराला तरी लॅटिन काय करायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस, असंही म्हणाले. बाबांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. परत आले आणि मला म्हणाले, "झेलमारला सांगायचं नाही. त्याला या लोकांत राहायचंय."

आणि टामेन? आजी गेली त्या दिवशी खबर घेऊन तोच आला होता. एक कप, चमचा कपात. तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं: टामेनला खरं बोलायचं असलं की त्याच्या घशाखाली दुसरा कप उतरत नाही. तू लहान होतास, अंगणात होतास. तुला हे कोणी सांगितलं नाही, माझंही चुकलं.

त्या बिया कोणी टाकल्या ते देवाला माहीत. पण एक माणूस तुझ्या घरी येऊन तुला पळ म्हणाला, आणि दुसऱ्यानं तुझ्याच हातानं तुझं नाव काढायला लावलं, आणि तुला दुसऱ्याची कीव आली!

कागद परत पाठव. गाडीत बस. बॅग मी इथे भरून देईन.

हेनी


ओस्टरवार्फ, २० ऑगस्ट १९३३

प्रिय हेनी,

तुझ्या चार पत्रांना मी उत्तर दिलं नाही. पाचव्याला देतो.

मी बाबांना विचारलं. ते गोठ्यात होते. ते म्हणाले, "हो, तसंच झालं होतं." मग म्हणाले, "तुला न सांगून मी काय वाचवलं, कोण जाणे."

तरी मी तक्ता पुरा केला. तू विचारशील का. एक, परवान्यासाठी. दोन, मी हो म्हणून बसलो होतो. तीन आहे, पण ते नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, इतकं चांगलं लिहीन की त्यांना लाज वाटेल. आता लिहून पाहिलं की मूर्खपणाचं दिसतं.

अकरा नावं गेल्यावर मध्ये फटी राहू नयेत म्हणून सगळे क्रमांक बदलावे लागले. बाबांच्या जागी अडुसष्टावर आता एक पाववाला आहे. नवा तक्ता बरोबर दोनशे तीनवर संपतो. माझा क्रमांक दोनशे तीन होता. मी तीनदा मोजलं.

समारंभ तेराला झाला. मला बोलावणं नव्हतं. मी बंबखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहिलं. दार उघडं होतं, तक्ता समोरच होता, काचेवर ऊन पडलं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनी तो कोणी लिहिला ते विचारलं असावं, कारण हार्म्सनी हसून छातीशी हात नेला. टामेन रांगेत होता, टोप घालून, डोळे जमिनीवर.

परवाना झाला नाही. मी हार्म्सना त्यांच्या लाकडाच्या वखारीत भेटायला गेलो. ते म्हणाले, "मी बोललो होतो. माझ्या हातात काय आहे?" वखारीत चहा नव्हता.

एक जून केव्हाच गेला. ब्रामला विचार, अजून काही आहे का. मी कुठलंही काम करीन. पोती मोजीन.

झेलमार


ग्रोनिंगन, ३ सप्टेंबर १९३३

माझ्या झेलमार,

जागा जूनमध्येच भरली. ब्रामचा फारसा दोष नाही, त्यानं दोनदा वाट पाहिली. आता इथेही सगळे चिडलेले आहेत. तिकडून रोज माणसं येतात आणि इथले बेकार म्हणतात, आधी आम्हाला द्या. परक्याला नोकरी द्यायची तर परवाना लागेल असा कायदा येतोय म्हणे. ब्राम तरी अर्ज करणार आहे.

तू नोकरीशिवाय ये. खोली आहे. पाहुणा म्हणून ये. एका बिस्किटावर जगायला शिकशील.

हेनी


ओस्टरवार्फ, १८ मार्च १९३४

प्रिय हेनी,

पाहुणा म्हणून मी का आलो नाही, ते तू पुन्हा विचारू नकोस. बाबा गाडीत बसणार नाहीत आणि आई बाबांशिवाय नाही. आणि कामाशिवाय मी तुझ्या माडीवर बसून करणार काय? आता मात्र अर्जाचं लवकर कर. सांगतो का.

मंगळवारी दुपारी जेवत होतो तेव्हा घंटा झाली. एलर्टच्या गवताच्या गंजीला आग लागली होती. हेनी, मी विचार केला नाही. चार वर्षं घंटा झाली की पाय आपोआप उठतात. पट्टा बांधला आणि धावलो.

पंपाची नळी फाटली होती, म्हणून कालव्यापासून गोठ्यापर्यंत बादल्यांची साखळी लावली होती. मधोमध एक जागा मोकळी दिसली. मी उभा राहिलो. माझ्या डावीकडे पाववाला, उजवीकडे टामेन. हात पुढे केले. कोणी मला हाकललं नाही. पाववाल्यानं बादली माझ्या पोटासमोरून, लांब हात करून, थेट टामेनला दिली. टामेननं माझ्याकडे एकदा बघितलं आणि घेतली. मग दुसरी. मग तिसरी. मी हात पुढे करून उभाच होतो. अंतर जास्त पडत होतं, म्हणून दर बादलीतलं थोडं पाणी माझ्या बुटांवर सांडत होतं. मी तेवीस बादल्या मोजल्या. चोविसावी घेताना टामेन हळूच म्हणाला, "घरी जा, झेलमार. त्यांनी यादी केली आहे, कोण तुझ्याकडून घेतो त्याची. माझ्या घरात पाच माणसं आहेत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूरही होता.

मी बाजूला झालो. साखळी जवळ आली, पाणी सांडायचं थांबलं. गंजी वाचली नाही, गाई वाचल्या. त्यातल्या दोन बाबांनी विकलेल्या होत्या.

आता मी येतो, हेनी. आईला मी समजावीन, आई बाबांना समजावेल. परवाना मिळव.

झेलमार


ग्रोनिंगन, २४ जून १९३४

प्रिय झेलमार,

उत्तर आलं. नाही.

ब्राम स्वतः दोनदा कचेरीत गेला. पत्र छापील आहे, फक्त तुझं नाव टंकलेलं. देशात या कामासाठी पुरेसे लोक उपलब्ध आहेत, सबब परदेशी इसमाच्या नेमणुकीस कारण दिसत नाही. ब्राम म्हणाला, "पण त्याच्यासारखं जर्मन इथे कोण लिहितं?" तो अधिकारी म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी मार्चमध्ये आला असता तर मी विचारलंही नसतं."

हे तुला लिहू नये असं ब्रामचं मत होतं. पण तुझ्यापासून गोष्टी लपवायचं काम या घराण्यात पुष्कळ झालं.

मी पुन्हा अर्ज करते. तू अमेरिकेच्या वकिलातीला लिही. लिहिशील ना? मी हे लिहिते आहे आणि माझा माझ्यावरच विश्वास बसत नाहीये.

हेनी


ओस्टरवार्फ, ९ सप्टेंबर १९३४

प्रिय हेनी,

वकिलातीला लिहिलं. छापील कार्ड आलं: वाट पाहावी. क्रमांक दिला आहे, तो मोठा आहे.

टामेन आता मागच्या दारानंही येत नाही. त्याच्या भात्याचा आवाज ऐकू येतो.

मंगळवारी हार्म्स आले. वर्षभरानं. आईनं चहा ओतला. आता मला सगळं ठाऊक आहे, तरी मी समोर बसलो आणि कप मोजले. पहिल्या कपाला पाऊसपाणी. दुसऱ्याला म्हणाले, तक्त्याचं अजून लोक कौतुक करतात, मी सगळ्यांना सांगतो कोणाच्या हातचा आहे. नंतर हळू आवाजात, "म्हणजे, ज्यांना सांगता येतं त्यांना." आई तिसरा कप ओतत होती तेव्हा मी त्यांच्या चमच्याकडे बघत होतो. तो बशीत होता. मला वाटलं, उठावं आणि तो उचलून त्यांच्या कपात ठेवावा. पण पाहुण्याच्या कपात आपल्याला चमचा ठेवता येत नाही, हेनी. यजमानानं फक्त ओतत राहायचं असतं.

तिसऱ्या कपानंतर ते म्हणाले, परवाना नाही तर गुरं नाहीत, गुरं नाहीत तर कालव्याकाठचं कुरण मायरला कशाला हवं. उद्या दुसरा कोणी फुकट घेईल, त्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे गेलेलं बरं. आकडा त्यांनीच सांगितला. मग जुन्या सवयीनं बाबांनी हात पुढे केला. एलर्टच्या वेळचं आठवून मी तोंड फिरवलं. पण टाळीचा आवाज आला. हार्म्सनी बाबांच्या हातावर हात मारला होता, अगदी बाजारात मारतात तसा. दोन वर्षांत बाबांच्या हातावर पडलेली ती पहिली टाळी. ते गेल्यावर बाबा बराच वेळ तो हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते.

कुरणाच्या विक्रीचा कागद मी लिहून दिला. एकही चूक नाही.

फाटकाशी हार्म्स थांबले, घराच्या छपराकडे बघितलं आणि म्हणाले, कौलं अजून चांगली आहेत की. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाले. आईनं साखरेचे खडे आणून ठेवले आहेत.

तुझा,
झेलमार